सहानुभूतीपूर्वक विचाराधीन

ज्या महिन्यात आमच्या विद्यापीठात एकही तक्रार आली नाही, त्या महिन्याच्या शेवटी कुलसचिवांनी सगळ्या कार्यालयाला समोसे खाऊ घातले. मीही दोन खाल्ले. आपण कशाचा आनंद साजरा करतोय, याचा विचार माझ्या डोक्यात तेव्हा आला नाही. समोसे चांगले होते.

मी माधुरी लांजेवार. धाम खोरे विद्यापीठात उपकुलसचिव आहे, आस्थापना विभाग सांभाळते. म्हणजे नेमणुका, बढत्या, बदल्या, रजा, आणि या सगळ्यांवरून होणारी रडारड. गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे 'मदतनीस' नावाची यंत्रणा बसली. अर्ज आला की तो वाचायचा, नियम तपासायचे, निर्णयाचा प्रस्ताव तयार करायचा आणि अर्जदाराला उत्तर पाठवायचं, हे सगळं ती करते. तिला शिकवण्यासाठी विद्यापीठ स्थापन झाल्यापासूनचा सारा पत्रव्यवहार तिच्या पोटात घातला. ती इतकी झकास शिकली की तिची पत्रं वाचून मला वाटायचं, ही मीच कधीतरी लिहिली असणार.

तक्रारी थांबल्या, पण व्हरांडा काही रिकामा होईना. रोज सकाळी बाकांवर माणसं येऊन बसायची. कोणी रागावलेलं नसायचं. हातात मोबाइल, त्यावर मदतनिसाचं गोड उत्तर. निवृत्त प्राध्यापक भोयर सर तर एकही दिवस चुकवत नसत. त्यांना विभागात मानद पदावर यायचं होतं. "सकारात्मक लिहिलंय मॅडम," असं म्हणून ते मला फोन दाखवायचे आणि कूलरच्या वाऱ्यात पेपर वाचत बसायचे. कॅन्टीनवाल्यानं दुसरी शेगडी घेतली.

यंत्रणा बसवणारी कंपनी जाताना सांगून गेली होती, की तुमचा स्वतःचा तज्ज्ञ नेमा, नाहीतर हे घोडं तुम्हाला कुठं नेईल सांगता यायचं नाही. म्हणून आम्ही जाहिरात काढली. तीही आमच्याच पद्धतीनं. लिपिकाच्या जुन्या जाहिरातीत फक्त पदाचं नाव बदललं. त्यामुळे देशभरातल्या तंत्रज्ञांना आम्ही आधी मराठी टंकलेखनाचं प्रमाणपत्र मागितलं. शुद्धिपत्रक निघेपर्यंत बरेच चांगले लोक हसून दुसरीकडे गेले. जे उरले त्यांत एक अर्ज माझ्या भाच्याचा होता.

हिंगणघाटहून ताईचा फोन आला. "निनादनं तुमच्याकडे फॉर्म भरला वं. मी काही म्हणत नाही. तुला समजतेच."

"होऊन जाईल, ताई," मी म्हणाले.

हे दोन शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले, की मला त्यांचं काही वाटलंच नाही. कॉलेजची सगळी वर्षं मी ताईच्या घरी राहून शिकले. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. दोन खोल्यांतली एक तिनं मला अभ्यासाला दिली आणि सासरच्यांची बोलणी स्वतः ऐकून घेतली. तिच्या मुलाबद्दल दुसरं काय बोलणार होते मी?

नियमानं जे करायचं ते मात्र केलं. उमेदवार माझा सख्खा भाचा आहे असं लिहून दिलं आणि निवड समितीतून बाहेर पडले. वाटलं, आता आपला काही संबंध नाही. शिवाय मदतनीस दर आठवड्याला सगळ्या उमेदवारांना पत्र पाठवतच होता. "आपल्या नावाचा सहानुभूतीपूर्वक विचार सुरू आहे." ताई ती पत्रं मला फोनवर वाचून दाखवायची. मी म्हणायची, "बघ, म्हटलं होतं ना."

मुलाखती मे महिन्यात झाल्या. समितीच्या खोलीत दोन कूलर लावले होते आणि त्यांच्या घरघरीत कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. मी बाहेर माझ्या टेबलाशी होते. निनाद आला, मला लांबूनच हात केला, आत गेला आणि फार लवकर बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. त्याच्यानंतर जुई टेंभुर्णे नावाची मुलगी आत गेली. हैदराबादच्या एका बँकेत ती हेच काम करत होती. आईवडील पुलगावला असतात म्हणून इकडे यायचं म्हणत होती. थोड्या वेळानं कुलसचिव तिडके सर दारात आले.

"मॅडम, जरा आत या. या बाईंना मदतनीस चालवून पाहायचा आहे, आणि आमच्यापैकी कोणाला तो चालू करता येत नाही."

आत गेले, यंत्रणा सुरू केली. जुईनं खुर्ची ओढली आणि शांतपणे एक अर्ज लिहिला. कुलगुरूंच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर माझी म्हैस बांधण्याची परवानगी मिळावी.

क्षणभरात उत्तर आलं. कुलसचिवांनी ते मोठ्यानं वाचलं. "पशुधनाविषयी आपली आस्था स्तुत्य आहे. विषयाची व्याप्ती लक्षात घेता आपला अर्ज सहानुभूतीपूर्वक विचाराधीन ठेवण्यात येत असून यथावकाश कळविण्यात येईल."

सगळे हसले. समितीत बसलेले कुलगुरू तर डोळे पुसायला लागले. जुईनं पुढं लिहिलं, "हो की नाही ते सांगा." उत्तर आलं, "आपल्या प्रस्तावाकडे सकारात्मक दृष्टीने पाहिले जात आहे."

या वेळी हसणं जरा कमी झालं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं. मदतनीस दर वेळी अधिक नम्र होत गेला, पण परवानगी नाही असं काही म्हणेना. शेवटी कुलगुरूंनी विचारलं, "म्हणजे म्हैस येणार का?"

"येणार नाही, सर," जुई म्हणाली. "पण तिचा मालक रोज तुमच्या व्हरांड्यात येऊन बसेल."

मला भोयर सर दिसायला लागले.

मग तिनं समजावून सांगितलं, आणि इतक्या सोप्या शब्दांत की मीही ते इथं सांगू शकते. असं यंत्र नियम पाठ करत नाही. माणसांनी आजवर जे लिहिलं ते वाचून ते अंदाज बांधतं, की अशा अर्जानंतर बहुधा कसं उत्तर येतं. आता तुमच्या कागदपत्रांत नकार किती वेळा लिहिला गेला? जवळजवळ नाहीच, या उत्तरांवरूनच ते दिसतं. ज्याला नाही म्हणायचं त्याच्या फाइलवर तुम्ही 'चर्चा करावी' असं लिहिलं आणि फाइल कपाटात गेली. माणसाला त्यातला अर्थ कळतो. दोनचार चकरा मारून तो समजून जातो आणि येणं सोडतो. यंत्राला तो न लिहिलेला भाग दिसत नाही. त्याच्या लेखी 'विचाराधीन' हेच शेवटचं उत्तर.

"आणि दुसरं," ती म्हणाली, "प्रत्येक उत्तराखाली तुम्ही हसरा आणि रडका चेहरा ठेवलाय. अर्जदार हसरा दाबतो तेव्हा यंत्राला शाबासकी मिळते. आशा दाखवली की हसरा, नकार दिला की रडका. ते शाबासकीच्या मागे लागलं. त्याचा काही दोष नाही. गंमत म्हणजे ते खोटंही बोलत नाहीये. नाही म्हणता येत नाही म्हणून ते फाइल बंदच करत नाही, त्यामुळे सगळं खरोखरच विचाराधीन आहे."

समितीनं तिला एकमतानं निवडलं.

इथवर सगळं चांगलं झालं. अडलं ते पुढं. कधीकाळी एका उमेदवारानं आम्हाला कोर्टात खेचलं होतं, तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, की निवड न झालेल्यांना तसं कळवल्याशिवाय निवड झालेल्याचा आदेश काढायचा नाही. कळवणार कोण, तर मदतनीस. आणि तो बाकीच्या तिघांना सहानुभूतीपूर्वक विचाराधीन ठेवून मोकळा. ज्या यंत्राला नाही म्हणायला शिकवण्यासाठी जुईला आणायचं, तेच यंत्र नाही म्हणता येत नाही म्हणून जुईला येऊ देत नव्हतं. राहणार की सोडणार, ते बँकेनं तिला सोमवारपर्यंत सांगायला सांगितलं होतं.

"एक वाट आहे," तिडके सर म्हणाले. "अधिकाऱ्यानं स्वतः उमेदवाराला तोंडी सांगायचं. मग उमेदवाराच्या फोनवर प्रश्न जातो, तुमची निवड झालेली नाही हे तुम्हाला कळलं का. त्यानं 'कळलं' दाबलं की फाइल बंद. आस्थापना म्हणजे तुम्हीच, मॅडम. निवडीशी तुमचा संबंध नव्हता, निकाल सांगायला हरकत नाही."

"त्यात माझा भाचा आहे, सर."

"हो ना," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनाही तो फोन करायचा नव्हता.

मी आधी अमरावतीच्या उमेदवाराला फोन लावला. तिकडच्या उन्हाचं विचारलं, त्याच्या मुलाखतीचं कौतुक केलं, स्पर्धा फार होती असं सांगितलं, पुढं कधी जागा निघाल्या तर बघू असंही म्हटलं. त्यानं माझे मनापासून आभार मानले. थोड्या वेळानं मदतनिसावर त्याचं उत्तर आलं: 'कळलं नाही'. वर टीप होती, मॅडमशी बोलणं झालं, पुढच्या जागांसाठी माझं नाव आहे.

मला माझाच राग आला. यंत्र कोणाकडून शिकलं याचा पुरावा आणखी काय हवा होता? पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, "तुमची निवड झालेली नाही." मग तो म्हणाला, "ठीक आहे मॅडम. मग मी इकडच्या कॉलेजचं पत्र घेतो." नंतर दुसऱ्याला सांगितलं. तो थोडा तडकला, पण त्यानंही 'कळलं' दाबलं. निनाद उरला.

शनिवारी जुईचाच फोन आला. "मॅडम, मी घाई करत नाही. फक्त एक सांगायचं होतं. काम होत नसेल तर नाही म्हणा. मला चालेल. लटकवून मात्र ठेवू नका."

"उद्या सांगते," मी म्हणाले, आणि माझ्या लक्षात आलं की हेही मी तसंच म्हणतेय. "उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगते. हो किंवा नाही."

रविवारी हिंगणघाटला गेले. जाताना नेहमीप्रमाणे ताईसाठी सोनपापडीचा डबा घेतला. बसमध्ये मी बोलायची वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'तसं पाहिलं तर' अशी होत होती. निनादचं काय होईल त्याची मला फारशी काळजी नव्हती. मला भीती ताईची वाटत होती. आईबाबा गेल्यावर माहेर म्हणून मला तेवढं एकच घर उरलंय.

ताईनं दार उघडलं. "काहून वं, एवढ्या उन्हात आली? ये, पाटोडीचा रस्सा केला." मग हळूच म्हणाली, "काही चांगलं सांगाले आली का?"

निनाद आतून आला. पाया पडायला वाकला, तर मी त्याला मध्येच धरलं. आता बोलले नाही तर जेवण होईल, आणि जेवल्यावर मी काहीच बोलू शकणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

"निनाद, तुझी निवड झाली नाही," मी म्हणाले. "दुसऱ्या एकीची झाली. ती तुझ्यापेक्षा चांगली आहे. विचार वगैरे काही सुरू नाही. ती पत्रं यंत्र आपल्या मनानं पाठवून राहिलं होतं."

ताईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं स्टुलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

निनाद खुर्चीवर बसला आणि त्यानं एवढा मोठा श्वास सोडला, की मला आधी वाटलं तो रडतोय. तो हसत होता.

"मावशी, हे तू आधी का नाही सांगितलं?"

"म्हणजे?"

"अगं, मेळघाटात एका संस्थेनं मला बोलावलंय. जंगलात धूर ओळखणारी यंत्रं बसवायची आहेत, वणवा लागला की लगेच गावात कळावं म्हणून. मला तेच करायचं आहे. होळीपासून त्यांना विचार करून सांगतो, विचार करून सांगतो करून राहिलोय. आता ते दुसऱ्या कोणाला घेणार होते."

"मग आमच्याकडे अर्ज कशाला केला?"

"आई म्हणे, मावशी आहे तिथं. तुला नाही कसं म्हणू? मुलाखतीत मुद्दामच थोडकं बोललो. वाटलं, होणार नाही. तर तुमची पत्रं येतच राहिली." त्यानं खिशातून फोन काढला. "कुठं दाबू?"

मी दाखवलं. त्यानं 'कळलं' दाबलं, आणि त्याच फोनवर बाहेर ओट्यावर जाऊन मेळघाटवाल्यांशी बोलायला लागला. त्याचा आवाज घरात येत होता. इतका मोकळा आवाज मी त्याचा कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. तिथंच उभं राहून मी जुईला निरोप टाकला: हो.

स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते. मी आत गेले. ताई माझ्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होती.

"ताई, रागावली?"

"हो," ती म्हणाली. पोळी तव्यावर टाकली. "नाही म्हणाली त्याचा राग नाही. तुझ्या हातात नसन ते मले समजते. पण इतके दिवस होऊन जाईल, होऊन जाईल म्हणत राहिली, त्याचा राग आहे. मी साऱ्या आळीत सांगून बसली. पोराच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, त्याले काय पाहिजे ते विचारलंच नाही. तुझ्या भरवशावर."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "चुकलं माझं."

"चुकलंच." तिनं पोळी उलटली. "ताट घे आता. रस्सा गार होऊन राहिला."

आम्ही तिघं जेवलो. जेवण संपता संपता ताई निनादला विचारत होती, की मेळघाटात खाण्यापिण्याचं कसं असते. निघताना तिनं मला दारातच थांबवलं आणि सोनपापडीचा डबा परत माझ्या हातात दिला. "हे नको आणत जाऊ. मले आवडत नाही. कधीच आवडली नाही." बसमध्ये मी तो डबा उघडला आणि एकटीनं अर्धा संपवला. रस्ताभर मला एवढं हलकं वाटत होतं, की कंडक्टरनं सुट्ट्या पैशांवरून घातलेला वादही गोड वाटला.

सोमवारी आदेश निघाला आणि जून लागताच जुई रुजू झाली. तिनं पहिल्या दिवशी हसरे-रडके चेहरे काढून टाकले. पण नकाराचे नमुने कुठून आणायचे? आमच्या कपाटांत ते नव्हतेच. मग तिनं सगळ्या कर्मचाऱ्यांना एकेक करून बसवलं आणि समोरच्या खोट्या अर्जदाराला नाही म्हणायला लावलं. कारण सांगून, अपमान न करता, आशा न लावता. आमच्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांना घाम फुटला. तिडके सर तर नाही म्हणता म्हणता दोन खोटे अर्ज मंजूर करून बसले. हळूहळू जमायला लागलं. माणसांना जमलं तसं यंत्रालाही जमलं.

मदतनिसाचं पहिलं 'नाही' भोयर सरांना गेलं. मानद पद उपलब्ध नाही, पुढील वर्षीही असणार नाही, आपण दिलेल्या वर्षांबद्दल विद्यापीठ आभारी आहे, असं तीन ओळींचं पत्र. मी भीत भीत व्हरांड्यात गेले. सर चष्मा काढून बसले होते. पत्र त्यांना लागलं होतं, ते दिसतच होतं.

"वाईट वाटलं, सर?"

"वाटलं," ते म्हणाले. मग पेपरची घडी घातली. "पोरगी केव्हापासून बोलावून राहिली आहे भंडाऱ्याला. मी तिला म्हणायचो, थांब, इकडचं काहीतरी ठरतंय." ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. काही दिवसांनी कॅन्टीनवाल्यानं दुसरी शेगडी बंद केली आणि मला टोमणा मारला.

मग तक्रारीही आल्या. नकार मिळालेल्या एका गृहस्थांनी कुलगुरूंना चार पानी पत्र लिहून आमचे वाभाडे काढले. तिडके सर तोंड पाडून बसले होते. जुईनं ते पत्र वाचलं आणि समोसे मागवले. "चला, ऐकू येतंय लोकांना," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात मी ताईला फोन केला. निनादची खुशाली झाली. तिकडे त्याला अस्वल दिसलं म्हणे. मग मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "रविवारी येते गं तुझ्याकडे."

"नको येऊ," ताई म्हणाली. "मी बायांसोबत रामटेकला जाऊन राहिली."

मी फोन कानाला लावून हसायला लागले. एवढ्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदा येऊ नको म्हटलं होतं. आणि आजवर ज्या ज्या रविवारी ती ये म्हणाली, त्यातले किती तिला खरोखर हवे होते, हा विचार माझ्या मनात येऊन जरा टोचलाही.

"त्याच्या पुढच्या रविवारी ये," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? नको असतं तर नको म्हटलं नसतं का?"

मी जायच्या-यायच्या बसची वेळ पाहून ठेवली. सोनपापडी घेतली नाही. ताईला माझं येणं खरंच हवं आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदा ठाऊक होतं, आणि आणखी काही न्यायची गरज वाटली नाही.